सगळी पाटी पुसू नका

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

कार्यालयातले संगणकाचे जाळे अडले, की कुणीतरी अनुभवी माणूस खुर्चीतून उठतो आणि फर्मावतो, 'एकदा बंद करून चालू करा.' गंमत अशी, की दहापैकी सात-आठ वेळा हा उपाय लागूही पडतो. का लागू पडतो, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. बंद करून चालू केले म्हणजे यंत्राने जे जे लक्षात ठेवले होते, ते सगळे ते विसरते. चुकीचे विसरते आणि बरोबर असलेलेही विसरते. घरच्या संगणकाच्या बाबतीत ठीक आहे. पण ज्या यंत्रावर चारशे माणसांचे काम चालले आहे, त्याला 'सगळे विसर' म्हणणे फार महागात पडू शकते. 'नेमके एवढेच विसर' असे यंत्राला कसे सांगायचे, आणि ते सांगता यावे म्हणून आज्ञा कशी घडवावी लागते, यावर आज मी बोलणार आहे. मी नाशिकमध्ये छोट्या-मोठ्या संस्थांच्या संगणक-जाळ्यांची देखभाल करतो, त्यामुळे विषय माझ्या रोजच्या भाकरीचा आहे.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. अनेक संगणक एकमेकांना जोडायचे असतील तर मध्ये एक डबी लागते. तिला खूप वायरी जोडलेल्या असतात. या डबीला स्विच म्हणतात, आणि तिच्या पोटातल्या मूळ कल्पनेला म्हणतात ब्रिज, म्हणजे पूल. ज्या ठिकाणी वायर जोडतात त्याला पोर्ट म्हणायचे. प्रत्येक संगणकाला, छपाईयंत्राला, कॅमेऱ्याला जन्मतःच एक क्रमांक मिळालेला असतो, तो मॅक पत्ता. तो ४८ बिटांचा असतो, म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी वेगवेगळे पत्ते होऊ शकतात. एका यंत्राने दुसऱ्याला माहितीचे पाकीट पाठवले, की त्यावर दोन पत्ते असतात, घेणाऱ्याचा आणि पाठवणाऱ्याचा.

आता असे समजा, की रविवार पेठेत एक नवा पोस्टमन आला आहे. त्याला एकही घर ठाऊक नाही. पहिले पत्र हाती आले तेव्हा तो काय करील? प्रत्येक बोळात जाऊन हाळी देईल. ज्याचे असेल तो घेईल, बाकीचे दुर्लक्ष करतील. पण हा पोस्टमन हुशार आहे. कुठल्या बोळातून कुणी पाठवलेले पत्र आपल्याकडे आले, ते तो पाठीमागचा पत्ता पाहून वहीत टिपून ठेवतो. 'जोशी, तिसरा बोळ.' पुढच्या वेळी जोशांचे पत्र आले, की हाळी नाही, सरळ तिसरा बोळ. ब्रिज अगदी हेच करतो. पाठवणाऱ्याचा पत्ता पाहून शिकतो, आणि घेणाऱ्याचा पत्ता वहीत शोधून पाकीट पुढे धाडतो. वहीत सापडला नाही, तर बाकीच्या सगळ्या पोर्टांवर पाकिटाची प्रत सोडतो. याला पूर आणणे असेच म्हणतात, इंग्रजीत फ्लडिंग. आणि त्या वहीला म्हणतात फॉरवर्डिंग टेबल. आपण तिला नोंदवही म्हणू.

ही कल्पना १९८०च्या दशकातली. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत ती आकाराला आली. त्याच कंपनीतल्या रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये, अशा पुलांचे जाळे चक्रात अडकू नये म्हणून एक प्रसिद्ध रीत शोधून काढली. १९९० मध्ये या सगळ्याचे ८०२.१डी नावाचे प्रमाणक झाले. त्यात नोंदवहीसाठी एक शहाणपणाचा नियम घातलेला आहे: एखाद्या पत्त्याकडून ३०० सेकंदांत एकही पाकीट आले नाही, तर ती नोंद आपोआप पुसावी. पाच मिनिटे हा आकडा सुचवलेला आहे. व्यवस्थापकाला तो १० सेकंदांपासून १० लाख सेकंदांपर्यंत बदलता येतो.

हा नियम का हवा? माणसे घर बदलतात म्हणून. जोशी जुन्या नाशकातला वाडा सोडून सिडकोत राहायला गेले, तरी पोस्टमनच्या वहीत ते तिसऱ्या बोळातच असतात. सिडकोतून त्यांनी एखादे पत्र टाकले, तर नवा पत्ता कळेल. पण काही माणसे स्वतःहून कधी पत्र लिहीतच नाहीत. तसेच यंत्रांचे आहे. संगणक बडबडा असतो, क्षणाक्षणाला काहीतरी पाठवत असतो. छपाईयंत्र मात्र मुखदुर्बळ. काम येईपर्यंत ते बराच वेळ गप्प बसू शकते. अशा गप्प यंत्राची जागा बदलली, तर जुनी नोंद झिजून जाईपर्यंत त्याची पाकिटे चुकीच्या दारात पडत राहतात.

इथवर सगळे सोपे आहे. अडचण पुढेच सुरू होते, कारण वहीतल्या सगळ्या नोंदी एका जातीच्या नसतात.

आज जगातली किती तरी यंत्रे लिनक्सवर चालतात. लिनक्सच्या गाभ्यातच एक ब्रिज आहे. एका मोठ्या संगणकात दहा-वीस आभासी संगणक चालवायचे असले, तर त्यांना जोडणारा पूल म्हणून बहुधा तोच वापरतात. तुमच्या घरी भिंतीला टांगलेल्या वायफायच्या डबीतही तो असण्याची बरीच शक्यता आहे. या लिनक्स ब्रिजच्या वहीतल्या नोंदींचे प्रकार पाहा. पहिला प्रकार शिकलेल्या नोंदींचा. ब्रिजने स्वतः टिपलेल्या, वेळ झाली की जाणाऱ्या. दुसरा प्रकार स्टॅटिक, म्हणजे न झिजणाऱ्या. या बहुधा माणसाने हाताने लिहिलेल्या असतात. तिसरा प्रकार कायमच्या नोंदींचा. हे ब्रिजचे आणि त्याच्या पोर्टांचे स्वतःचे पत्ते. 'हे पाकीट माझेच आहे' हे ब्रिजला त्यावरून कळते. काही नोंदी बाहेरच्या एखाद्या कार्यक्रमाने कळवलेल्या असतात. दूरच्या इमारतीतले, दूरच्या शहरातले पत्ते असे येतात. काहींची नक्कल यंत्रातल्या वेगवान चिपमध्ये उतरवलेली असते. आणि काहींवर 'चिकट' असा शिक्का असतो. अशा नोंदीतले यंत्र दुसऱ्या पोर्टावर बोलू लागले, तरी ब्रिज नोंद हलवत नाही. दुसऱ्या कुणी त्या यंत्राचा पत्ता चोरून सोंग आणू नये, म्हणून केलेली ही सोय.

शिवाय एकाच वायरवर अनेक आभासी जाळी चालतात. त्यांना व्हीलॅन म्हणतात आणि त्यांना क्रमांक असतात. लेखा विभागाचे १०, प्रयोगशाळेचे २०, कॅमेऱ्यांचे ३०, असे. म्हणजे प्रत्येक नोंदीला पत्ता, पोर्ट, व्हीलॅन आणि प्रकार, अशा चार बाजू झाल्या.

आता एक प्रत्यक्ष घडलेली गोष्ट सांगतो. २०२३चा पावसाळा. शहरातल्या एका रुग्णालयाने नाव न घेण्याच्या अटीवरच मला बोलावले होते, म्हणून नाव सांगत नाही. रुग्णालयाच्या दोन इमारती, रस्त्याच्या दोन बाजूंना. जुन्या इमारतीकडे जाणारा दुवा बिनतारी आणि अरुंद. मधला पूल म्हणजे एक लिनक्स यंत्र. त्याच यंत्रावर रुग्णांची नोंदणी आणि औषधांचा साठा यांचे आभासी संगणकही चालत होते. आदल्या रात्री तातडीचा विभाग जुन्या इमारतीतून नव्यात हलवला होता. सकाळपासून प्रयोगशाळेचे अहवाल त्या विभागात छापले जात नव्हते. प्रयोगशाळेत रक्ताचा अहवाल तयार, पडद्यावर 'छपाईला पाठवला' असे दिसतेय, आणि इकडे डॉक्टर कागदाची वाट पाहत उभे. शेवटी वॉर्डबॉय पावसात रस्ता ओलांडून हाताने कागद आणत होते. ज्या रुग्णाला रक्त द्यायचे की नाही हे त्या कागदावर ठरते, त्याच्या दृष्टीने ही पंधरा मिनिटे लहान नव्हेत.

तिथल्या माणसांनी पहिला उपाय केलेला होता. लिनक्स ब्रिजमध्ये पूर्वीपासून एक बटणासारखी सोय आहे. एका ठरावीक फाइलमध्ये १ हा आकडा लिहायचा, की वही पुसली जाते. त्यांनी ती सकाळपासून बऱ्याच वेळा वापरली होती. छपाई काही सुरू झाली नाही. उलट दर वेळी क्ष-किरणांची चित्रे उघडायला वेळ लागू लागला.

दोन्हींची कारणे वहीतच होती. ते जुने बटण फक्त शिकलेल्या नोंदी पुसते, हाताने लिहिलेल्या स्टॅटिक नोंदींना ते शिवत नाही. आणि आधीच्या कुणा कंत्राटदाराने तातडीच्या विभागातल्या अकरा यंत्रांचे पत्ते जुन्या इमारतीच्या पोर्टावर स्टॅटिक आणि चिकट करून ठेवले होते. हेतू चांगला होता, सुरक्षिततेचा. पण यंत्रे रस्ता ओलांडून गेली आणि नोंदी तिथेच चिकटून राहिल्या. बटणाने जायला हव्या होत्या त्या नोंदी गेल्या नाहीत, आणि राहायला हव्या होत्या त्या गेल्या. कॅमेऱ्यांची चित्रे साठवणारे यंत्र फक्त ऐकणारे. त्याची नोंद पुसली, की ते पुन्हा काही बोलेपर्यंत सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रे पुरासारखी प्रत्येक पोर्टावर सुटत, आणि त्या अरुंद बिनतारी दुव्यात कोंडी होई. तो दुवा ओलांडणारी क्ष-किरणांची चित्रे मग अडकून पडत.

'बंद करून चालू करा' हाही सल्ला कुणीतरी दिलाच. तसे केले असते तर नोंदणी आणि औषधसाठा दोन्ही ठप्प झाले असते, आणि यंत्र सुरू होताना चालणाऱ्या यादीने त्या अकरा नोंदी पुन्हा इमानदारीने लिहिल्या असत्या.

हवे होते ते एवढेच: जुन्या इमारतीच्या पोर्टावरच्या, व्हीलॅन २० मधल्या, चिकट नोंदी पुसा; बाकी कशाला हात लावू नका. हे एका ओळीत सांगता येते. काळ्या पडद्यावर टंकायची आज्ञा मी इथे उच्चारूनच दाखवतो: 'ब्रिज एफडीबी फ्लश', मग 'डेव्ह' आणि ब्रिजचे नाव, मग 'बीआरपोर्ट' आणि पोर्टाचे नाव, मग 'व्हीलॅन २०', आणि शेवटी 'स्टिकी'. आधी याच पोर्टाच्या आणि व्हीलॅनच्या अटी घालून नोंदी नुसत्या पाहून घेतल्या. चिकट शिक्क्याच्या बरोबर अकरा भरल्या. मग पुसल्या. छपाईयंत्रांनी कामे घ्यायला सुरुवात केली. कॅमेऱ्यांच्या व्हीलॅन ३० मधल्या नोंदी होत्या तशाच राहिल्या. त्यानंतर सुरुवातीची ती यादीही दुरुस्त केली, नाहीतर पुढच्या वीजकपातीनंतर हीच कथा पुन्हा घडली असती.

ही एका ओळीची आज्ञा लिनक्समध्ये तशी अलीकडची. महागड्या स्विचमध्ये पोर्टानुसार, व्हीलॅननुसार नोंदी पुसण्याची सोय फार पूर्वीपासून होती. लिनक्समध्ये मात्र एक तर ते सरसकट बटण, किंवा एका पोर्टापुरते तसेच बटण, किंवा मग एकेक नोंद नाव घेऊन पुसणे, एवढेच मार्ग होते. अकरा नोंदी असतील तर एकेक पुसता येतात. पण मोठ्या माहिती केंद्रात वहीत हजारो नोंदी असतात. तिथे सगळी वही बाहेर मागवायची, त्यातल्या हव्या त्या निवडायच्या, आणि प्रत्येकीसाठी वेगळी विनंती आत धाडायची. यात वेळ तर जातोच, शिवाय यादी वाचणे आणि पुसणे यांच्या मधल्या काळात वही बदललेली असते. २०२२ मध्ये निकोलाय अलेक्झांड्रोव्ह या लिनक्स ब्रिजच्या विकसकाने निवडक पुसण्याची सोय गाभ्यातच घातली. अटी आत पाठवायच्या, गाभा वही एकदा चाळतो आणि जुळणाऱ्या नोंदी काढून टाकतो. २०२३ मध्ये दूरच्या जाळ्यांना जोडणाऱ्या व्हीएक्सलॅन या प्रकारालाही तीच आज्ञा लागू झाली.

मला या आज्ञेच्या घडणीतल्या तीन गोष्टी फार आवडतात. त्या संगणकाबाहेरही उपयोगी आहेत.

पहिली गोष्ट, तीन उत्तरांची. 'स्टॅटिक आहे का?' या प्रश्नाला हो किंवा नाही अशी दोनच उत्तरे आहेत, असे आपल्याला वाटते. पण वर्तमानपत्रातल्या वधूवरांच्या जाहिराती आठवा. 'पत्रिका पाहणे आहे' असे एक जण लिहितो. 'पत्रिका पाहणे नाही' असे दुसरा लिहितो. तिसरा पत्रिकेचा उल्लेखच करत नाही. तिघांचे अर्थ वेगळे. या आज्ञेतही तसेच आहे. 'स्टॅटिक' म्हटले तर फक्त स्टॅटिक पुसल्या जातात, 'नोस्टॅटिक' म्हटले तर स्टॅटिक सोडून बाकीच्या, आणि काहीच म्हटले नाही तर ती अटच नाही. आत यासाठी प्रत्येक गुणाला दोन खुणा ठेवतात: या गुणाकडे पाहायचे का, आणि पाहायचे तर तो असावा की नसावा. एकच खूण ठेवली असती, तर 'नको' आणि 'अट नाही' यांत गल्लत झाली असती, आणि पुसण्याच्या कामात ती गल्लत घातक ठरते.

दुसरी गोष्ट, अटी एकमेकींना जोडल्या जातात त्याची. पोर्ट अमुक आणि व्हीलॅन तमुक आणि प्रकार चिकट, अशा सगळ्या अटी पूर्ण झाल्या तरच नोंद पुसली जाते. म्हणजे आज्ञेत एक शब्द वाढवला, की पुसण्याचा पट्टा अरुंद होतो, रुंद कधीच होत नाही. ज्याला भीती वाटते, त्याने एक अट आणखी घालावी. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. एकही अट घातली नाही, तर नोंदीला वाचवणारे काहीच उरत नाही, कायमच्या नोंदीही त्यात आल्या. काळा पडदा 'नक्की ना?' असे विचारत नाही. म्हणून अट न घालता ही आज्ञा देणे म्हणजे पेठेतल्या सगळ्या घरांच्या पाट्या उतरवणे होय.

तिसरी गोष्ट, न कळलेल्या अटीचे काय करायचे याची. समजा तुम्ही अशी एखादी अट पाठवली, जी त्या गाभ्याला ठाऊकच नाही. भिडस्त यंत्र ती अट दुर्लक्षून बाकीचे काम करील. पण दुर्लक्षिलेली अट म्हणजे रुंदावलेला पट्टा, न पुसायचे तेही पुसले जाणार. म्हणून इथे यंत्र सरळ नकार देते: ही अट मला कळत नाही, मी काहीच पुसणार नाही. पाहण्याच्या कामात थोडी चूक झाली तर पुन्हा पाहता येते. पुसण्याच्या कामात न कळलेले काम न करणे हेच सौजन्य.

बाहेरून कळवलेल्या नोंदींबद्दल एक इशारा द्यायला हवा. शिकलेली नोंद चुकून पुसली, तर ते यंत्र पुढचे पाकीट पाठवील तेव्हा ब्रिज पुन्हा शिकेल, नुकसान बहुधा क्षणाचे. पण दुसऱ्या कार्यक्रमाने कळवलेली नोंद पुसली, तर त्या कार्यक्रमाला वाटत राहते, की आपण कळवले आहे. तो पुन्हा कळवीलच असे नाही. म्हणून अनुभवी माणसे स्टॅटिक नोंदी पुसताना 'बाहेरून आलेल्या सोडून' अशी अट आवर्जून जोडतात. आज्ञेत ती सोय आहे, 'नोएक्स्टर्नलर्न' या शब्दाने.

२०१५च्या सिंहस्थात तपोवनात साधुग्राम उभे राहिले आणि पर्वणी सरल्यावर तंबू उठले. तंबू उठले म्हणून पंचवटीतल्या वाड्यांचे पत्ते कुणी खोडले नाहीत. पाहुणा कोण आणि रहिवासी कोण, हे गावाला ठाऊक होते. यंत्राला ते आपोआप ठाऊक नसते. प्रत्येक नोंद कुणी लिहिली, कशासाठी लिहिली आणि ती केव्हा जायला हवी, हे नोंदीवरच लिहिलेले असेल, तरच नंतर निवडून पुसता येते. निवडक पुसण्याची आज्ञा २०२२ मध्ये आली खरी, पण ती उपयोगी पडते ती आधीच्या माणसांनी नोंदींवर प्रकारांचे शिक्के नीट मारले म्हणून.

तुमच्यापैकी जे शाळेत, पतपेढीत, दवाखान्यात जाळ्याची जबाबदारी सांभाळतात, त्यांना माझे सांगणे साधे आहे. पुसण्याआधी त्याच अटी घालून नोंदी पाहा आणि मोजा. मोजलेला आकडा अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, तर थांबा. हाताने नोंद लिहिलीत तर यंत्राच्या शेजारी कागदावर तारीख आणि कारण लिहून ठेवा. आणि विभाग एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत हलवायचा असेल, तेव्हा खाटा, कपाटे आणि छपाईयंत्रे यांच्या यादीत एक ओळ वाढवा: 'ब्रिजच्या वहीतले जुने पत्ते'. त्या एका ओळीने एखाद्या पावसाळी सकाळी वॉर्डबॉयची रस्त्यापलीकडची धावपळ वाचेल, आणि पलीकडे कागदाची वाट पाहणाऱ्या माणसाची पंधरा मिनिटेही.